शेड भाड्याने द्यावी की ओव्हनचं इंधन बदलावं?

नाशिकच्या अंबडला पावडर कोटिंगची, म्हणजे धातूच्या मालावर रंगाची पूड मारून ती ओव्हनमध्ये भाजण्याची, शेड आहे आणि डिझेलचा ओव्हन परवडेनासा झालाय, अशांना सध्या एकच सल्ला मिळतो: काम बंद करा, शेड गोदामाला द्या. मी तसं केलं नाही, इंधन बदललं. त्यामुळे पुढचं सगळं तेवढं धरूनच वाचा.

गोदामाचं गणित देखणं आहे. एमआयडीसीची परवानगी काढली की घरबसल्या भाडं आणि धूर शून्य. पण तो शून्य फक्त आपल्या गाळ्यापुरता. माझं जॉबवर्क उद्या संभाजीनगरजवळच्या वाळूजला गेलं, तर तिथला ओव्हन पेटणार, वर माल नेण्या-आणण्याचं डिझेल वेगळं. नाशिकचा धुराचा आकडा उतरेल, राज्याचा उतरेलच असं नाही.

इंधन बदलायचं तर वीज की पाइपचा गॅस? वीजच घ्यायची, असं माझं जवळजवळ ठरलं होतं. चिमणी नाही म्हणजे स्वच्छ, हा समज. पण आपली चिमणी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात असते, एवढंच. तिथले २१० मेगावॉटचे तिन्ही संच कोळशावरचे. देशाच्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. डिझेलच्या लिटरमागे २.७ किलो, पण त्या लिटरात दहा युनिटांची उष्णता. म्हणजे नुसतं तापवायला आजची वीज डिझेलहूनही जड पडते; गॅस डिझेलपेक्षा पाव हिश्श्याने हलका. ग्रिडवर सौर आणि पवन वाढेल तसं हे पालटेल, नाही असं नाही.

खरं सांगायचं तर मला आकड्यांनी नाही, लाइटने वळवलं. ओळखीच्या शेडमध्ये महिनाभर विजेच्या ओव्हनवर माल काढून पाहिला. २०० अंशांवर दहा मिनिटं लागतात; सातव्या मिनिटाला लाइट गेली की लॉट गेला. वरून छान दिसतो, नख मारलं की पापुद्रा निघतो. मग खरवडा, पुन्हा भाजा. एका मालाला दोनदा वीज! पूर्ण ओव्हन ओढेल असा जनरेटर घ्यावा, तर परत डिझेलच. छतावरचं साधं सोलरही ग्रिड गेली की बंद पडतं. गॅसच्या बर्नरला वीज लागते ती ब्लोअर आणि पंख्यापुरती. माझा जुना छोटा जनरेटर तेवढं ओढतो.

पुढे बघणारं घरात कोणी नसेल, तर गोदामच बरं. गॅस घ्यायचा असेल तर लाइन तुमच्या गल्लीत आली आहे का, ते आधी बघून या. आमच्या मागच्या गल्लीत अजून नाही.