७७७ चार्ली : रडवणाऱ्या शेवटापेक्षा खरा पूर्वार्ध

(कथेचा शेवट या परीक्षणात उघड केला आहे. चित्रपट अजून पाहिला नसेल तर आधी पाहून या.)

१० जून २०२२ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘७७७ चार्ली’बद्दल बोलताना लोक बहुधा थेट शेवटच्या अर्ध्या तासावर जातात. थिएटरात किती रडू आलं, शेजारचा कसा हुंदके देत होता, कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनाही डोळे कसे आवरले नाहीत, हेच ऐकू येतं. हे सगळं खरं असलं तरी या कन्नड चित्रपटाची खरी कमाई पूर्वार्धात आहे. तिथे कुत्रं कुत्र्यासारखं वागतं, आणि आपल्याकडच्या प्राण्यांच्या सिनेमात हे फार क्वचित घडतं.

धर्मा (रक्षित शेट्टी) म्हैसूरच्या एका कारखान्यात काम करतो. कारखाना, इडली, दारू, सिगारेट आणि टीव्हीवर चॅप्लिन, एवढंच त्याचं आयुष्य. अपघातात घरची माणसं गेली, आणि आता कॉलनीतली पोरं त्याला पाहून पळतात. दुसरीकडे कुत्र्यांची बेकायदा पैदास करणाऱ्या एका ब्रीडरच्या पिंजऱ्यातून एक लॅब्रॅडॉर मादी, म्हणजे चार्ली, निसटते, रस्त्यावर भटकते आणि धर्माच्या मागे लागते. दिग्दर्शक किरणराज के. यांनी ही ओळख घाईने उरकलेली नाही. आधी तिरस्कार, मग नाइलाज, मग सवय आणि शेवटी माया, अशी ती हळूहळू उलगडते. घरात नवीन कुत्रं आणलेल्या कुणालाही हा क्रम ओळखीचा वाटेल.

सुरुवातीचा बराच भाग कॅमेरा कुत्र्याच्या उंचीवर असतो. छायाचित्रकार अरविंद कश्यप (‘कांतारा’ही त्यांनीच चित्रित केला) माणसांचे चेहरे टाळून पाय, चाकं, गटाराची कड, दाराखालची फट यांवर थांबतात. वासावर आणि पायांच्या हालचालींवर जगणाऱ्या प्राण्याला शहर कसं वाटत असेल, ते एकही संवाद न घालता कळतं. चार्लीची देहबोलीही नीट बघा. कान मागे घेणं, ओठ चाटणं, नजर चुकवत मान वळवणं, झोप आलेली नसताना जांभई देणं ही सगळी ताणाची लक्षणं आहेत. भीतीच्या प्रसंगांत ती दिसतात आणि धर्माबरोबर रुळल्यावर कमी होत जातात. हे मुद्दाम घडवलं असो वा संकलक प्रतीक शेट्टी यांनी नेमके तुकडे निवडले असोत, पडद्यावर ते खरं वाटतं.

प्रशिक्षित कुत्रा काम करताना बहुधा कॅमेऱ्याबाहेर, प्रशिक्षकाच्या हाताकडे किंवा हातातल्या खाऊकडे बघतो. त्यामुळे अनेक चित्रपटांत कुत्रा ‘मालकाकडे’ बघतोय असं दाखवतात, पण त्याची नजर मालकाच्या खांद्यावरून पलीकडे गेलेली दिसते. इथे असे शॉट मोजकेच आहेत. बहुतेक ठिकाणी चार्ली खरोखर रक्षित शेट्टीकडेच बघते. नट आणि कुत्रा यांनी चित्रीकरणाबाहेर भरपूर वेळ एकत्र घालवल्याशिवाय हे जमत नाही. रोज खायला घालणं, फिरायला नेणं, खेळणं हे नटानेच करावं लागतं. प्रशिक्षकाने हुकूम द्यायचा आणि नटाने नुसतं शेजारी उभं राहायचं, एवढ्याने काम भागत नाही. रक्षित शेट्टींच्या अभिनयाचं श्रेय इथे द्यायला हवं. चार्ली फ्रेममध्ये असली की ते आवाज खाली आणतात, हात हळू हलवतात आणि तिला वेळ देतात.

चार्लीला गाडीची धडक बसल्यावर धर्मा तिला डॉक्टरांकडे नेतो. राज बी. शेट्टींनी रंगवलेले डॉक्टर हे चित्रपटातलं सर्वांत उबदार पात्र आहे. प्रत्यक्षात असा प्रसंग आला तर काय करायचं ते इथेच सांगतो, कारण चित्रपट बघून हेलावलेले लोक दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या जखमी कुत्र्याला थेट कवेत घ्यायला जातात. कितीही गरीब कुत्रं असलं तरी दुखत असताना ते चावू शकतं. श्वास नीट चालू असेल, उलटी होत नसेल आणि तोंडाला जखम नसेल, तर आधी ओढणी किंवा मऊ पट्टी तोंडाभोवती नीट बसेल पण श्वास अडणार नाही अशी बांधा. मग कुत्र्याला उचलून न घेता फळीवर, जाड पुठ्ठ्यावर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर सरकवा, म्हणजे मणक्याला इजा असेल तर ती वाढत नाही. ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी असेल तर बरं. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. हिरडी पांढरी पडली असेल तर आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता मोठी आणि हातात वेळ थोडा. पाणी पाजू नका, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच नकोत. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही कुत्र्यांना घातक ठरतात.

धर्माच्या कॉलनीत कुत्रं पाळायला बंदी आहे, म्हणून चार्लीला लपवावं लागतं. हा भाग विनोदी आहे आणि जमलाही आहे. मात्र तो बघून अशी बंदी घालता येते असं कुणी समजू नये. सोसायटीला उपनियम करून किंवा बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे. स्वच्छता, पट्टा आणि लसीकरण ही मालकाची जबाबदारी, आणि ती त्याने पार पाडलीच पाहिजे.

मध्यंतराच्या आसपास चार्लीला हिमँजिओसार्कोमा हा कर्करोग असल्याचं निदान होतं आणि चित्रपटाची दिशा बदलते. टीव्हीवर बर्फ दिसला की ती हरखून जाते हे धर्माच्या लक्षात आलेलं असतं. तिला बर्फ दाखवायचाच असं ठरवून तो मोटारसायकलला साइडकार जोडतो आणि हिमालयाकडे निघतो. बर्फाची ओढ ही निव्वळ गोड कल्पना नव्हे. लॅब्रॅडॉर जातीची मुळं कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या थंड किनाऱ्यावर आहेत. दुहेरी केस, जाड शेपटी, पाण्यात उडी मारायची हौस हे सगळं तिथूनच आलं. म्हणूनच मे महिन्याच्या उन्हात धापा टाकणारा लॅब पाहिला की जीव तुटतो.

आजाराबद्दल चित्रपट सांगतो त्यात अर्धं तथ्य आहे. हिमँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून सुरू होणारा कर्करोग. प्लीहा (पोटातली पाणथरी), हृदयाचा उजवा वरचा कप्पा आणि यकृत ही त्याची नेहमीची ठिकाणं. जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर आणि लॅब्रॅडॉरमध्ये तो जास्त आढळतो, म्हणजे आनुवंशिकतेचा हात आहेच. पण तो बहुतांशी उतारवयातल्या कुत्र्यांना होतो. चार्लीसारख्या तरुण मादीला होणं विरळा, आणि ‘जवळच्या नात्यात पैदास केली म्हणून हा कर्करोग झाला’ असा थेट धागा जोडणं फार सोपं केलेलं आहे. तशा पैदाशीचे नेहमी दिसणारे दुष्परिणाम म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, डोळ्यांचे आनुवंशिक आजार, त्वचेची ॲलर्जी. असं कुत्रं एका दिवसात मरत नाही, दहा वर्षं लंगडत जगतं. ते दाखवायला चित्रपट कमी नाट्यमय झाला असता, पण जास्त खरा झाला असता.

हा आजार कपटी आहे. गाठ फुटेपर्यंत कुत्रं खातं, खेळतं, आणि मग अचानक कोसळतं. हिरड्या पांढऱ्या पडतात, पोट फुगतं. अधूनमधून येणारा आणि आपोआप ओसरणारा अशक्तपणा ही बऱ्याचदा एकमेव पूर्वसूचना असते, कारण थोडा रक्तस्राव होऊन थांबलेला असतो. मोठ्या जातीचं कुत्रं आठ वर्षांचं झालं की वर्षातून एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी ती याचसाठी. प्लीहा काढल्यावरही बहुतेक कुत्र्यांना एक ते तीन महिने मिळतात, केमोथेरपीची जोड दिली तर चार ते सहा. त्यामुळे उरलेले दिवस तिच्या आनंदासाठी द्यायचे हा धर्माचा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या वेडेपणाचा नाही. खटकतो तो पंजाबातला डॉग शो. अशी गाठ असलेल्या कुत्रीला अडथळ्यांवरून पळवणं म्हणजे गाठ फुटण्याला आमंत्रण. ताणलेलं पार्श्वसंगीत ऐकताना प्रेक्षक टाळ्या वाजवतो, पशुवैद्य मात्र खुर्चीत चुळबुळत बसेल.

प्रवासाचा भाग लांबला आहे. एकूण लांबी पावणेतीन तासांच्या घरात, आणि वीस मिनिटं कमी असती तर कुणाची तक्रार नसती. वाटेत भेटणाऱ्यांपैकी बॉबी सिम्हा लक्षात राहतात, बाकीचे येतात आणि जातात. साइडकारची दृश्यं देखणी आहेत, पण त्यांची नक्कल करण्याआधी तयारी हवी. कुत्र्याला गळपट्ट्याने बांधू नका. छातीभोवतीचा हार्नेस वापरा आणि त्याचा पट्टा एवढाच ठेवा की कुत्र्याला बसता-झोपता यावं पण बाहेर उडी मारता येऊ नये. डोळ्यांना गॉगल हवा, आणि त्याची सवय घरीच करावी. निघण्याआधी तीन-चार तास पोटभर जेवण नको. दर दोन तासांनी थांबा, सावली आणि पाणी द्या, दुपारचं ऊन टाळा. बर्फात पंजांच्या बोटांमधले केस कातरून घ्या, नाहीतर तिथे बर्फाचे गोळे अडकून कातडी फाटते.

नावातला संकेत मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. धर्मा नावाचा माणूस, सोबत कुत्रं, आणि रोख हिमालयाकडे. महाप्रस्थानात युधिष्ठिराने कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार दिला, तीच ही वाट. चित्रपट हा धागा जरा ठळक करतो, पण शेवटाला जी उंची येते ती त्यामुळेच. बर्फातल्या त्या दृश्यांत नोबिन पॉल यांचं संगीत काही काळ मागे सरतं आणि रक्षित शेट्टी फक्त चेहऱ्यावर प्रसंग पेलतात. तिथे डोळे भरून आले तर ते न्याय्यच आहे.

आणि तिथेच चित्रपटाची सर्वांत मोठी चूकही आहे. चार्ली जाते, पण तिचं पिल्लू मागे ठेवून. भावनेच्या हिशेबात हे सुंदर आहे. पण कर्करोगाने खंगलेल्या कुत्रीला साधारण ६३ दिवसांचं गाभणपण पेलवणं जवळपास अशक्य. शिवाय ज्या चित्रपटाने बेबंद पैदाशीवर दीड तास रोष व्यक्त केला, त्यानेच निदान झालेल्या मादीचं निर्बीजीकरण न करता तिला गाभण होऊ द्यावं, हे पटत नाही. चित्रपटातली प्राणी कल्याण अधिकारी देविका (संगीता शृंगेरी) प्रत्यक्षात असती तर पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेचा विषय काढला असता.

ब्रीडरवरचा राग मात्र योग्य जागी आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास आणि विक्री करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही आणि मायक्रोचिप बंधनकारक आहे. पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. चित्रपटाने हा आकडा पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवायला हवा होता.

६९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा मान मिळाला. हिंदी डबिंग उपलब्ध आहे, तरी मूळ कन्नड उपशीर्षकांसह बघा. धर्माचं तुटक, कोरडं बोलणं डबिंगमध्ये उगाच गोड झालं आहे. सात-आठ वर्षांखालच्या मुलांना एकटं बसवू नका. छोट्या अद्रिकाची (शार्वरी) चार्लीशी जमलेली गट्टी मुलांना फार आवडते, आणि त्यामुळेच उत्तरार्ध त्यांना जड जातो. घरातलं कुत्रं नुकतंच गेलं असेल तर काही महिने थांबा.

चित्रपट संपल्यावर मुलं लॅब मागणार, हे धरून चाला. फ्लॅटमध्ये राहत असाल, दिवसभर घरी कुणी नसेल आणि रोज दीड-दोन तास व्यायाम देणं शक्य नसेल, तर लॅब नकोच. जवळच्या निवाऱ्यातलं देशी पिल्लू बघा. ते सहा-आठ आठवड्यांचं असताना पहिली लस द्या, नंतर सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची लस, आणि निर्बीजीकरण कधी करायचं ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांशी ठरवून घ्या.