आई-वडिलांना घेऊन शेगाव की पंढरपूर?

घरातल्या थकलेल्या माणसांना दर्शनाला न्यायचं ठरलं की ही दोन नावं हमखास निघतात. माझं मत आधीच सांगते. सोयीच्या बाबतीत शेगावचा हात धरणारं देवस्थान सापडणं कठीण. पण ज्यांनी उभा जन्म विठोबाचं नाव घेतलंय, त्यांची ओढ शेगावने भागणार नाही.

शेगाव मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे प्रवास सुटसुटीत. मंदिराचं आवार लख्ख. पांढऱ्या कपड्यातले सेवेकरी ‘माउली, इकडून या’ म्हणत वाट दाखवतात. त्यांच्यातले कितीतरी जण शेती-नोकरी सांभाळून पाळीपाळीने विनामोबदला सेवेला येतात, म्हणून कुणी वसकन अंगावर येत नाही. एखादी आजी रांगेत थबकली तर तिला हाताला धरून बाजूला बसवतात. वयस्क माणसाचं निम्मं समाधान तिथेच होतं. संस्थानच्या भक्तनिवासात राहायची सोयही चांगली. मात्र गजानन महाराजांची समाधी (१९१०) भुयारात आहे. गुडघे दुखत असतील तर खाली जाण्याआधी सेवेकऱ्यांशी बोलून घ्या.

पंढरपुरात अडचणी जास्त. देवळाभोवतीच्या गल्ल्या अरुंद, आणि दर्शनबारीत तासन् तास ताटकळावं लागू शकतं. पण त्या बारीच्या शेवटी जे मिळतं, त्याला तोड नाही. थेट गाभाऱ्यात जाऊन विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवता येतं. मागून रेटा असतो, कपाळ टेकतं न टेकतं तोच पुढे सरकावं लागतं, तरी बाहेर आलेल्या माणसाचा चेहरा बघावा. साने गुरुजींनी १९४७ साली प्राणांतिक उपोषण केलं, ते हे देऊळ अस्पृश्य मानलेल्यांनाही खुलं व्हावं म्हणून. त्या पायांचं मोल त्यावरून कळावं.

आईला फार वेळ उभं राहवत नसेल आणि दोन्ही देवस्थानं तिला सारखीच असतील, तर बेलाशक शेगावला जा. वडील माळकरी असतील तर पंढरपूरच. तिथे शेगावचा पर्याय सुचवूसुद्धा नका. बारी झेपणार नसेल तर मुखदर्शनाची वेगळी रांग आहे. त्यात विठ्ठल लांबून दिसतो, पायांना हात लागत नाही, हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगा. देवळाच्या दारात कळलं तर जीव हळहळतो.

तारीख ठरवताना पंढरपूरला आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या वाऱ्या आणि एरवीच्या एकादश्याही टाळा. शेगावला प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमी आणि जमल्यास गुरुवार सोडून जा.