साइड स्कॅन फिशफाइंडर : कोकणात बुडालेलं जहाज शोधायला घ्यावा का?

हमिनबर्ड, लोरन्स, गार्मिन, कुठल्याही कंपनीचा घ्या, सात इंची पडद्याचा साइड स्कॅन फिशफाइंडर शेवटी एकच काम करतो: होडीच्या दोन्ही बाजूंना आवाजाचा पातळ पंखा फेकतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीचं चित्र काढतो. त्यामुळे हे परीक्षण एका मॉडेलचं नाही, या वर्गाचं आहे. जहाज शोधायला खास बनवलेला, केबलने मागे ओढायचा सोनार कित्येक लाखांना पडतो. त्या मानाने हा स्वस्त. पण तळावर जे उठून दिसतं तेवढंच याला दिसतं. गाळाखाली काय आहे, ते याला कळत नाही. कोकणात नेमकी तिथेच गोची आहे.

विजयदुर्गाचंच घ्या. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आसऱ्याला उभं असतानाच जळालं. आग ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर लागली आणि पसरत गेली. ते इंग्रजांचंच, आंग्र्यांनी पकडलेलं. पण जळकं जहाज पाण्याच्या रेषेपर्यंतच जळतं, खालचा भाग बुडतो. आपल्या कोमट पाण्यात उघडं लाकूड समुद्री कीड पोखरून संपवते. गाळात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथेच ते टिकतं. म्हणजे किल्ल्याशेजारच्या वाघोटनच्या खाडीत काही शिल्लक असेल तर ते गाळाखाली, आणि त्यासाठी सब-बॉटम प्रोफायलर, म्हणजे गाळाच्या आत आवाज पाठवून खालचे थर दाखवणारं यंत्र, लागतो. फिशफाइंडर तिथे सपाट, करडा तळ दाखवत राहील. नुसत्या खाडीसाठी घेत असाल तर पैसे वाचवा.

मोकळ्या समुद्रात, रेतीच्या तळावर मात्र याची किंमत वसूल होते. तोफा, नांगर, निरमाचे (जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी भरलेले) दगड, आगबोटीचे बॉयलर अशा गोष्टी चांगल्या उमटतात. रेंज दर बाजूला ३० मीटर ठेवा, फ्रीक्वेन्सी ४५५ किलोहर्ट्झ. ८०० वर चित्र रेखीव येतं, पण खाऱ्या पाण्यात वरची फ्रीक्वेन्सी लवकर विरते. पॅकिंगवरची रेंज गोड्या तळ्यातली समजा आणि सेटिंगमध्ये ‘सॉल्ट वॉटर’ निवडायला विसरू नका. वेग ताशी ६ किलोमीटरच्या आसपास. होडीच्या अगदी खालचा पट्टा आंधळा असतो, म्हणून होडी चालवायच्या समांतर रेघा २५ मीटरवर आखा. एका रेघेचा आंधळा पट्टा शेजारच्या रेघेत येतो. ५०० बाय ५०० मीटरच्या चौकोनाला २१ रेघा लागतात. म्हणजे साडेदहा किलोमीटर, वळणं धरून दोन-अडीच तास.

वेळ सकाळची, मतलई वारा (जमिनीवरून समुद्राकडे) असताना. समुद्राकडून खारा वारा सुटला की होडी डोलते आणि चित्रातल्या सरळ वस्तू नागमोडी होतात. डिसेंबर ते मार्च बरा. डुबकी मारून खात्री करायची असेल तर उधाण टाळून भांगाचे (भरती-ओहोटीत फरक कमी असतो ते) दिवस धरा, ओढ कमी असते आणि गाळ कमी ढवळतो.

ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज फेकणारा आणि प्रतिध्वनी ऐकणारा भाग, इंजिनाच्या पंख्यामागच्या फेसात आला तर पडद्यावर नुसता धूर. फायबरच्या होडीला तो बाजूला स्टीलच्या पाइपवर, तळाच्या खाली निघेल असा क्लॅम्पने बांधणं उत्तम. पाइप थरथरला तर वरून दोरीचा ताण द्यावा. बॅटरी स्वतंत्र १२ व्होल्टची ठेवा. इंजिनाच्या बॅटरीवरून वीज घेतली की चित्रात ठिपक्यांच्या रेघा येतात आणि लोक त्याला मासळी समजतात.

पडद्यावर वस्तूपेक्षा तिची सावली महत्त्वाची. तोफ म्हणजे एक आखूड, उजळ रेघ, एका टोकाला जाड, आणि तिच्यामागे काळी पट्टी. उंची काढायची तर सावलीची लांबी गुणिले ट्रान्सड्यूसरखालची खोली, भागिले सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर. खोली ८ मीटर, सावली ५ मीटर, तिचं टोक २५ मीटरवर: उंची १.६ मीटर. एवढी उंच तोफ नसते. तो बॉयलर असेल, नाहीतर खडक.

खडक हीच इथली खरी डोकेदुखी. बेसॉल्टात घुसलेल्या डाइक (लाव्हा भेगेत थिजून झालेले खडकाचे पट्टे) सरळसोट भिंतीसारख्या असतात आणि नवख्याला त्यात जहाजाची कड दिसते. तीच जागा आडव्या दिशेने पुन्हा स्कॅन करा. डाइक पुढे लांबच लांब जाते, जहाज संपतं. लोखंडाचा चुंबकीय परिणाम टिपणारा मॅग्नेटोमीटर जोडला तरी सुटका नाही. एक टन लोखंड १० मीटरवरून ढोबळमानाने १० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं माप) इतका इशारा देतं, अंतर दुप्पट झालं की त्याच्या आठव्या हिश्श्यावर येतं, आणि बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय असल्याने एवढा इशारा त्यात हरवतो. खडपांमध्ये तर सोनारही हतबल. गोव्याच्या सुंची रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला तोफा, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात मिळाले. तसल्या जागी शेवटी पाणबुड्यालाच खाली उतरावं लागतं.

आणखी एक: कुठे स्कॅन करायचं हे यंत्र सांगणार नाही. ते तांडेल (मासेमारी होडीचा प्रमुख) सांगतो, जाळं कुठे अडकून फाटतं ते त्याला पाठ असतं. तिथून सुरुवात करा. फक्त अशा जागी जुनी जाळी लटकलेली असतात, तेव्हा डुबकीला चाकू हवाच.

सापडलंच काही, तर जागा नोंदवा, फोटो काढा, हात लावू नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, आणि समुद्रातली तोफ वर काढून उन्हात ठेवली तर आतल्या क्षारांमुळे तिचे पापुद्रे सुटतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पाण्याखालचा विभाग २००१ पासून आहे, कळवायचं त्यांना.