लिबरऑफिस रायटर: शॉर्टकट बदलायची सोय चांगली, मूळचे शॉर्टकट मात्र मनगटाला जड

मराठी अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, भाषांतर अशा कामांना लिबरऑफिस रायटर हा वर्डसारखा प्रोग्राम चांगला पर्याय आहे. पैसे पडत नाहीत, युनिकोड देवनागरी नीट दिसते, वर्डच्या फायली उघडतात. हे परीक्षण मात्र त्याच्या एकाच कोपऱ्याचं आहे: टूल्स, मग कस्टमाइझ, मग कीबोर्ड. दिवसाचे सात-आठ तास टाइप करणाऱ्याचा हात दुखणार की नाही, हे बऱ्याच अंशी इथे ठरतं.

आधी मोठी तक्रार. नेटवरून किंवा दुसऱ्या फायलीतून घेतलेला मजकूर कोरा, म्हणजे फॉन्ट-रंग-आकार न आणता पेस्ट करायचा असेल, तर रायटरचा मूळ शॉर्टकट आहे कंट्रोल + ऑल्ट + शिफ्ट + व्ही. चार कळा, आणि चारही कीबोर्डच्या खालच्या ओळींत. त्या एकट्या डाव्या हाताने दाबल्या तर करंगळी मुडपते, अंगठा आत ओढला जातो आणि मनगट बाहेरच्या बाजूला वळतं. मराठी कामात ही आज्ञा सारखी लागते. रायटर देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीच्या फॉन्टपासून वेगळा, 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या सदरात ठेवतो. त्यामुळे थेट पेस्ट केलं की एक परिच्छेद मंगल फॉन्टमध्ये, पुढचा कोकिलामध्ये, आणि ओळींमधलं अंतर वरखाली, असा प्रकार होतो. एवढ्या गरजेच्या आज्ञेला चार कळा देणं ही सरळ चूक आहे. त्याहून सोपा कंट्रोल + शिफ्ट + व्ही मात्र 'पेस्ट स्पेशल'ची खिडकी उघडण्यात खर्ची पडला आहे.

हा बदल सगळ्यात आधी करावा. कस्टमाइझच्या खिडकीत उजवीकडे 'लिबरऑफिस' आणि 'रायटर' असे दोन पर्याय दिसतात, त्यांतला 'रायटर' निवडा. वरच्या यादीत कंट्रोल + शिफ्ट + व्ही ही ओळ गाठा. यादीवर एकदा क्लिक करून तोच शॉर्टकट दाबला की ती ओळ आपोआप समोर येते. खाली शोधाच्या चौकटीत 'अनफॉरमॅटेड' हा शब्द इंग्रजीत टाका, 'पेस्ट अनफॉरमॅटेड टेक्स्ट' निवडा आणि 'असाइन' दाबा. जुन्या आवृत्त्यांत याच बटणावर 'मॉडिफाय' लिहिलेलं असतं. मग ओके. क्रोममध्येही कोरं पेस्ट याच कळांनी होतं, म्हणजे दोन्हीकडे बोटांना एकच सवय पुरते. दाबताना डाव्या हाताचा कंट्रोल आणि उजव्या हाताचा शिफ्ट वापरा, व्ही डाव्या तर्जनीने आरामात येतो. एक ध्यानात ठेवा: कोऱ्या पेस्टमध्ये ठळक आणि तिरपी अक्षरंही जातात, ती मूळ मजकुराशी ताडून परत द्यावी लागतात.

नवा शॉर्टकट निवडताना आद्याक्षराच्या मागे लागू नका. 'कॉपीचा सी' ही खूण इंग्रजी कीबोर्ड डोळ्यांसमोर असणाऱ्यांना उपयोगी पडते. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीवर टाइप करणाऱ्याच्या बोटांना सीच्या जागी म ठाऊक असतो, व्हीच्या जागी न, एचच्या जागी प. अशा माणसाने जागा पाहून निवड करावी. कंट्रोल, ऑल्ट किंवा शिफ्ट एका हाताने आणि अक्षराची कळ दुसऱ्या हाताने, हा नियम पाळला की निम्मा ताण कमी होतो. उजवा कंट्रोल असेल तर तो जरूर वापरा. २०२४ पासून आलेल्या काही लॅपटॉपवर त्या जागी कोपायलटची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाची कळ असते, तेव्हा यंत्र विकत घेण्याआधी तेवढं बघून घ्या.

दुरुस्त्या तपासणाऱ्यांसाठी दोन कळा आवर्जून सुचवतो. ट्रॅक चेंजेसमधली, म्हणजे मजकुरात खुणेसकट नोंदलेली दुरुस्ती स्वीकारायला किंवा नाकारायला दरवेळी एडिट मेनू, त्यात उपमेनू, असं उतरत जाणं म्हणजे माउसच्या हाताला शिक्षा. 'अ‍ॅक्सेप्ट' ऑल्ट + ८ वर आणि 'रिजेक्ट' ऑल्ट + ९ वर ठेवा. डावा अंगठा ऑल्टवर, उजवी बोटं आकड्यांवर, करंगळीला कामच नाही. शोधल्यावर 'अ‍ॅक्सेप्ट अँड मूव्ह टू नेक्स्ट' दिसलं तर तेच घ्या, पुढच्या दुरुस्तीवर जायची वेगळी कळ वाचते. आकडे वरच्या ओळीतलेच दाबायचे, कारण ऑल्टबरोबर नंबरपॅड दाबला तर विंडोज त्याला अक्षराचा कोड समजतं.

गफलती होतात त्या बहुतेक रायटरच्या बाहेरून येतात. विंडोजवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा असतील, तर डावा ऑल्ट + शिफ्ट हा भाषा बदलण्याचा शॉर्टकट असू शकतो. तीन कळांच्या शॉर्टकटमध्ये तिसरी कळ दाबायच्या आधी बोट सुटलं की भाषा बदलते आणि पुढची ओळ भलतीच उमटते. उपाय असा: सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथून 'इनपुट लँग्वेज हॉट कीज'. त्यात 'चेंज की सीक्वेन्स' उघडून 'नॉट असाइन्ड' करा. भाषा बदलायला विंडोज + स्पेस आहेच.

कंट्रोल + ऑल्टच्या जोड्यांपासूनही जपून. इंग्लिश (इंडिया)सारख्या मांडणीत विंडोज उजव्या ऑल्टला कंट्रोल + ऑल्ट समजतं, आणि तिथे उजवा ऑल्ट + ४ ने ₹ उमटतो. कंट्रोल + ऑल्ट + ४ दुसऱ्या कामाला दिलंत तर बिलात रुपयाचं चिन्ह टाकताना अडायला होईल. ऑल्ट + एफ, ऑल्ट + ई अशा मेनू उघडणाऱ्या कळांनाही हात लावू नये.

काही मूळ शॉर्टकट चांगलेच आहेत, ते तसेच राहू द्या. कंट्रोल + १ ते ५ शीर्षकांच्या पातळ्या देतात, कंट्रोल + एम वरवरचं फॉरमॅटिंग पुसतं. स्वतःची परिच्छेद-शैली बनवली असेल, उदाहरणार्थ उद्धृतासाठी, तर कॅटेगरीच्या यादीत अगदी खाली 'स्टाइल्स' सापडेल. तिथून शैलीलाही कळ देता येते. ही सोय फार मोलाची आहे.

उणिवाही आहेत. एकापाठोपाठ दोन टप्प्यांत दाबायचे शॉर्टकट वर्डमध्ये ठरवता येतात, इथे नाहीत. त्यामुळे सोप्या जोड्या लवकर संपतात. नवी नेमणूक केली की त्या कळेचं जुनं काम जातं, म्हणून 'असाइन' दाबण्याआधी ओळीत समोर काय लिहिलंय ते वाचा. क्वचित लागणाऱ्या आज्ञांवर कळा खर्च करू नका. आवृत्ती ७.२ पासून, म्हणजे २०२१ पासून, शिफ्ट + एस्केपने आज्ञा शोधायची चौकट उघडते. दोन-चार अक्षरं टाका, एंटर मारा, काम होतं.

सगळं मनासारखं जमलं की त्याच खिडकीतल्या 'सेव्ह'ने मांडणीची सीएफजी फाइल करून पेनड्राइव्हवर किंवा ईमेलमध्ये ठेवा. दुसऱ्या संगणकावर 'लोड' केली की त्याच कळा मिळतात. कॅल्क, म्हणजे लिबरऑफिसचा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्रामही वापरत असाल तर त्याची फाइल कॅल्क उघडून वेगळी करावी लागते.