ब्लड ऑरेंज घ्यायचं तर कोणतं? मोरो, तारोक्को, सांग्विनेलो आणि कारा कारा समोरासमोर

आतून लाल निघणारं संत्रं आता कोल्हापुरातही अधूनमधून दिसू लागलंय. परदेशी फळं ठेवणाऱ्या दुकानात ते जाळीच्या टोपीत मांडलेलं असतं, भाव मोसंबीच्या कितीतरी पट, आणि सोबत हमखास ऐकू येतं, "हे रक्तवाढीला चांगलं." लाल ते रक्ताला, हा समज बिटापासून चालत आलाय. या फळात मात्र लोह नगण्य असतं. त्यातलं क जीवनसत्त्व मेथी-नाचणीतलं लोह शरीरात शोषून घ्यायला मदत करतं, तेवढाच रक्ताशी संबंध. म्हणून पैसे मोजण्याआधी हा लाल रंग कसला, तो कोणत्या वाणात किती आणि आपल्याला त्याचा उपयोग काय, हे पाहून घेतलेलं बरं.

आधी जातकुळी. ब्लड ऑरेंज आपल्या नागपुरी संत्र्याच्या नव्हे, मोसंबीच्या कुळातलं आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, बोटानं ओढली की सुटते. ब्लड ऑरेंजची साल मोसंबीसारखी गराला चिकटलेली असते (तारोक्को त्यातल्या त्यात सोपा). घरातली लहान मुलं डब्यात नेऊन स्वतः सोलून खातील, अशा अपेक्षेनं घेणार असाल तर नागपुरी संत्रंच घ्या.

लाल दोन प्रकारचा

मोरो, तारोक्को आणि सांग्विनेलो या तिन्हींचा लाल रंग अँथोसायनिनचा. जांभळात, काळ्या द्राक्षात आणि आपल्या कोकमात असतं त्याच घराण्यातलं हे रंगद्रव्य. कोकमाच्या तांबड्या रंगातला एक मुख्य घटक, सायनिडिन-३-ग्लुकोसाइड, ब्लड ऑरेंजमध्येही मुख्य आहे. तो पाण्यात विरघळतो, आंबटपणात लाल राहतो आणि खायच्या सोड्याची चिमूट पडली की निळसर-हिरवट होतो.

कारा काराचा गुलाबी रंग लायकोपीनचा, म्हणजे टोमॅटोचा आणि कलिंगडाचा. हे फळ व्हेनेझुएलात १९७६ मध्ये एका बागेत नेव्हल (तळाशी बेंबी असलेल्या) संत्र्याच्या झाडावर सापडलं. दुकानात पुष्कळदा तेही 'रेड ऑरेंज' म्हणून विकलं जातं आणि गिऱ्हाईक ब्लड ऑरेंज समजून घरी नेतं. फसवणूक नसली तरी ती वस्तू वेगळी. ओळखायची खूण सोपी आहे: फळाच्या तळाशी बेंबी असेल आणि गर सगळीकडे एकसारखा गुलाबी असेल तर ते कारा कारा. ब्लड ऑरेंजमध्ये रंग शिंपडल्यासारखा असतो, एका फोडीत गडद, शेजारच्या फोडीत नारिंगी. तरीही शंका राहिली तर रस काढून पातळ फडक्यातून गाळा. अँथोसायनिनचा रस गाळूनही लाल राहतो. लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे कारा काराचा गुलाबी रंग बराचसा फडक्यावरच्या चोथ्यात राहतो आणि खाली पिवळसर रस येतो.

आत इंजेक्शननं रंग घातलाय का, असंही लोक विचारतात. असा ठिपक्याठिपक्यांचा, फोडीगणिक बदलणारा रंग हा ब्लड ऑरेंजचा स्वभावच आहे, त्याला घाबरू नका.

तीन वाण, तीन स्वभाव

या तिघांचं माहेर म्हणजे सिसिली बेटावरचा एटना ज्वालामुखीभोवतीचा प्रदेश. तिथल्या लाल संत्र्याला १९९६ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे आणि ते याच तीन वाणांना मिळतं.

मोरो सगळ्यात गडद. चांगल्या थंडीतला मोरो कापला तर गर वांग्याच्या सालीइतका जांभळा-काळा निघतो. डिसेंबरपासून तयार होतो, बिया जवळजवळ नसतात. अँथोसायनिन तिघांत सर्वाधिक, आणि फेरुलिक, कॅफिक यांसारखी फिनॉलिक आम्लंही त्यात भरपूर. चव मात्र सर्वांना मानवेल अशी नाही. आंबटपणा ठसठशीत, मागून किंचित कडवटपणा, आणि रासबेरीसारखा एक वास. मला ही चव आवडते. पण ज्याला मोसंबीच्या गोडव्याची सवय आहे तो पहिल्या फोडीलाच तोंड वाकडं करील, हेही खरं.

तारोक्को तिघांत खायला सर्वांत चांगला. फळ मोठं, साल पातळ आणि सोलायला सोपी, गोडी आणि आंबटपणा यांचा तोल उत्तम, आणि क जीवनसत्त्वही तिघांत जास्त. उणीव रंगाची. तारोक्कोचा लाल रंग बेभरवशाचा असतो: एकाच पेटीतलं एक फळ छान रक्तवर्णी, दुसरं नुसत्या लाल रेघांचं, तिसरं जवळपास नारिंगी. ज्याला रंगासाठीच जादा पैसे मोजायचेत तो इथं नाराज होतो. ज्याला चवीसाठी मोजायचेत त्याचे पैसे वसूल.

सांग्विनेलो मधला. तयार व्हायला उशीर लावतो, जानेवारीनंतर ते एप्रिलपर्यंत चालतो. सालीवर लाली असते, गरात लाल पट्टे, थोड्या बिया. रसाला चांगला. याचा जवळचा स्पॅनिश वाण सांग्विनेली, तो १९२९ मध्ये स्पेनमध्ये सापडला. आपल्याकडचा मेळ पाहिला तर याचा फायदा हंगामाचाच: मोरो संपत येतो तेव्हा हा सुरू असतो.

गोडीची गोष्ट आपल्या भागात समजावून सांगायला सोपी आहे, कारण ब्रिक्स (रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, घटकांचं प्रमाण) हा शब्द कोल्हापूर जिल्ह्यातल्या ऊस लावणाऱ्या प्रत्येक घरात माहीत आहे. उसाची पक्वता पाहायला जो हँड रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, तोच इथंही चालतो. चांगल्या संत्र्याचा ब्रिक्स साधारण १० ते १३ येतो. पण उसात नुसता ब्रिक्स पाहून भागतं, संत्र्यात भागत नाही. जिभेला कळतं ते ब्रिक्स आणि आम्लता यांचं गुणोत्तर. मोरो आणि मोसंबी यांचा ब्रिक्स सारखा आला तरी मोरो आंबट लागेल आणि मोसंबी गुळचट, कारण मोसंबीत आम्लता फारच कमी. "आमच्या मोसंबीपेक्षा हे कमी गोड, म्हणजे हलकं फळ" हा निष्कर्ष म्हणून चुकीचा ठरतो. साखर कमी नाही, आंबटपणा जास्त आहे.

रस करणार असाल तर

इथं निवड बदलते. कारा कारा नेव्हल कुळातलं, आणि नेव्हलचा रस काढून ठेवला की कडू होतो. गरात मुळात बेचव असलेला एक पदार्थ रसाच्या आंबटपणात हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो, तो कडवटपणा. मोसंबीचा रस तासाभरानं कडवट लागतो, तेही यामुळेच. म्हणून कारा कारा सोलून, फोडी करून खावं. नुसतं खाण्यात ते फार छान आहे, आंबटपणा कमी, गोडवा मऊ.

रसाला मोरो किंवा सांग्विनेलो घ्या, पण काढला की प्या. मोरोतल्या फेरुलिकसारख्या आम्लांपासून साठवणीत व्हिनाइलग्वायकोल तयार होतं आणि रसाला शिळा, उग्र वास येतो. शिवाय उष्णता, उजेड आणि खुद्द रसातलं क जीवनसत्त्व, हे तिन्ही अँथोसायनिन मोडतात. मार्मालेड करताना फार आटवलं तर सुंदर लाल रंग तपकिरी होतो तोही याचमुळे. कोकम सरबताचा आगळ वर्षभर टिकतो म्हणून ब्लड ऑरेंजचा रसही टिकेल असं धरू नका. आगळात मीठ असतं, आंबटपणाही कितीतरी जास्त असतो.

फळं मात्र फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही, उलट फायदा आहे. काढणीनंतर ८ ते १० अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात काही आठवडे ठेवलेल्या ब्लड ऑरेंजमध्ये अँथोसायनिन वाढत राहतं, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. फिक्का तारोक्को आला तर भाजीच्या कप्प्यात दोन-तीन आठवडे ठेवून मग कापा.

आरोग्यासाठी घेणार असाल तर

संत्र्याच्या १०० ग्रॅम गरात क जीवनसत्त्व साधारण ५० मिलिग्रॅम असतं. भारतीय शिफारशीनुसार (२०२०) प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे दीड-दोन फळांत दिवसाची गरज भागते, मग ते ब्लड ऑरेंज असो की जालन्याची मोसंबी. नुसतं क जीवनसत्त्व हवं असेल तर पेरूत १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमच्या पुढे मिळतं, आणि पेरू कपिलतीर्थ मंडईत कितीतरी स्वस्त आहे.

हेस्पेरिडिन हे लिंबूवर्गीय फळांतलं, आरोग्याला चांगलं मानलं जाणारं द्रव्य, हा दुसरा घटक. तो सगळ्याच संत्र्या-मोसंबीत असतो आणि रसापेक्षा सालीखालच्या पांढऱ्या भागात व फोडीच्या पडद्यात जास्त. ज्यूस सेंटरवर गाळून दिलेल्या ग्लासात त्यातलं बरंच हरवतं, तंतू तर जवळपास सगळेच. मधुमेह असलेल्यांनी तर रस टाळून आख्खं फळच खावं, वाण कुठलाही असो.

राहिलं अँथोसायनिन. साध्या मोसंबीत ते नसतं, इथं ब्लड ऑरेंज खरोखर वेगळं ठरतं. मोरोच्या रसाचा एक प्रयोग फार गाजला: २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चरबीयुक्त आहार दिलेल्या उंदरांना मोरोचा रस दिल्यावर त्यांची चरबी कमी वाढली. त्याच्या आधारावर वजन घटवण्याच्या गोळ्या विकल्या जातात. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाच्या पोटाच्या घेराला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि गोळी म्हणजे फळ नव्हे. मला विचाराल तर अँथोसायनिनसाठीच कुणी महागडा मोरो घेऊ नये. जूनमध्ये जांभूळ येतं, कोकम तर घाटाखालून वर्षभर येतं. मोरो घ्यायचा तो त्याच्या चवीसाठी.

थोडक्यात माझी निवड: घरात सगळ्यांनी मिळून खायला तारोक्को, लहान मुलं आणि वयस्क मंडळींना आंबट नको असेल तर कारा कारा, रसाच्या आणि चवीच्या शौकिनाला मोरो. सांग्विनेलो मार्चमध्ये दिसला तर सोडू नका. फळ हातात जड लागायला हवं, सालीच्या रंगावर जाऊ नका. साल पूर्ण नारिंगी असूनही गर लाल निघतो आणि उलटही होतं.

आपल्या रानात लावायचं का?

हा प्रश्न उसाला कंटाळलेले तरुण शेतकरी आता विचारू लागलेत, म्हणून जरा सविस्तर.

ब्लड ऑरेंजचा रंग थंडीनं येतो. याचं कारण २०१२ मध्ये इंग्लंडच्या जॉन इनेस सेंटरच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. 'रुबी' नावाचं एक जनुक अँथोसायनिन बनवण्याचा हुकूम देतं. ब्लड ऑरेंजमध्ये त्या जनुकाशेजारी उड्या मारणाऱ्या डीएनएचा एक तुकडा येऊन बसलाय आणि तो थंडीत जागा होतो. थंडी नाही तर हुकूम नाही. सिसिलीत फळ पिकताना जानेवारीच्या रात्री ५ अंशांच्या आसपास उतरतात आणि दिवसही १५-१६ अंशांचेच असतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री सरासरी १४-१५ अंश आणि दुपारी ३० च्या घरात. दिवस-रात्रीतला फरक मोठा आहे हे खरं, पण नुसता फरक पुरत नाही, प्रत्यक्ष गारवा लागतो. ब्राझील आणि फ्लोरिडातल्या उबदार भागांत याच वाणांची फळं फिक्की निघतात. भारतातही 'ब्लड रेड' माल्टा हा ब्लड ऑरेंजचाच वाण पंजाब, हरियाणा आणि श्रीगंगानगरकडे रुजला तो तिथल्या कडाक्याच्या थंडीमुळे.

कारा काराला रंगासाठी थंडी लागत नाही, लायकोपीन उबेतही बनतं. पण नेव्हल कुळाला फुलोऱ्यात उष्णता सोसत नाही, लहान फळं गळतात. रंग येईल, माल कमी येईल.

जमिनीचाही प्रश्न आहे. शिरोळ-हातकणंगलेच्या भारी काळ्या जमिनीत पाणी धरून राहतं आणि लिंबूवर्गीय झाडाला डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो. बहार धरायला, म्हणजे झाड एकदम फुलवायला, आधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो, आणि शेजारच्या उसाला पाटपाणी चालू असेल तर तुमच्या झाडाला ताण बसतच नाही. गगनबावडा-राधानगरीकडे पाऊसच इतका की मुळं कुजायची भीती. त्यातल्या त्यात आजरा, गडहिंग्लजकडची निचऱ्याची, माळावरची जमीन बरी.

तरीही हौस असेल तर एकरभर नको, चार-सहा झाडं लावा. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेली कलमं खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्या. परदेशी गेलेल्या पाहुण्यांकडून सामानातून काड्या मागवू नका. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार ते बेकायदा आहे, आणि त्या काडीबरोबर ग्रीनिंगसारखा रोग आला तर शेजाऱ्याची बागही जाते. बहार मृगाचा (जून-जुलैच्या फुलोऱ्याचा) धरा. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची) फळं थंडी पडायच्या आधीच तयार होतात. मृगाची फळं फेब्रुवारी-मार्चपर्यंत झाडावर राहतात, त्यामुळे जी काय थंडी आपल्याकडे पडते ती त्यांना पिकताना मिळते. आणि काढणीनंतर थोडी फळं फ्रीजमध्ये, थोडी बाहेर ठेवून तीन आठवड्यांनी दोन्ही शेजारी कापून बघा.