फिल्मसाठीची शिशाची पिशवी: साध्या एक्स-रेला चालते, सीटी स्कॅनरला नाही

विमानतळावरच्या एक्स-रेपासून कॅमेऱ्याचे फिल्म रोल वाचवायला ही पिशवी हवी होती. ठाण्यात नौपाड्यात दोन-तीन दुकानांत विचारलं, कुणाकडे नव्हती, मग ऑनलाइन मागवली. ३५ एमएमचे दहाएक रोल आरामात बसतात, शिवण पक्की आहे, वेल्क्रो दोन वर्षांनीही नीट चिकटतो. वजन मात्र जाणवतं, केबिन बॅगेला सात किलोची लिमिट असेल तर घरीच काट्यावर टाकून बघा.

जुन्या पद्धतीच्या एक्स-रे मशीनला पिशवी ठीक आहे. तशी ४०० आयएसओपर्यंतची फिल्म (आयएसओ जितका जास्त तितकी फिल्म प्रकाशाला आणि किरणांना संवेदनशील) तिथे एक-दोनदा गेली तर फारसं काही होत नाही, पण दर वेळी किरणांचा परिणाम साठत जातो, त्यामुळे कनेक्टिंग फ्लाइट असतील तर उपयोग आहे. लेहला जाऊन-येऊन एचपी५ या ४०० आयएसओच्या ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्मचे सहा रोल यातूनच नेले, सगळे स्वच्छ निघाले.

म्हणूनच गेल्या वर्षी बहिणीकडे परदेशात गेले तेव्हा निर्धास्त होते. बाळाचं बारसं होतं, घरात उजेड कमी म्हणून डेल्टा ३२०० या जास्त आयएसओच्या फिल्मवर काढलं सगळं, आणि येताना तिथल्या विमानतळावर सीटी स्कॅनर होता. ही मशीन चारी बाजूंनी किरण मारते, त्यापुढे शिशाचा पातळ थर पुरत नाही, वर स्क्रीनवर पिशवीच्या आतलं नीट दिसेना म्हणून त्यांनी बॅग परत आत पाठवली. घरी येऊन डेव्हलप केलं तर निगेटिव्हवर दोन फ्रेममधली, एरवी पारदर्शक असते ती मोकळी पट्टीसुद्धा गडद राखाडी, पाळण्याभोवती उभ्या बायकांचे चेहरे नुसत्या ग्रेनमध्ये, म्हणजे दाणेदार ठिपक्यांत, गेलेले. खूप रडले त्या रात्री.

लॅपटॉप बॅगेतच राहू द्या म्हणाले की बहुतेक सीटी आहे समजायचं. आता मी रोल डब्यांतून काढून पारदर्शक झिपलॉकमध्ये ठेवते, रांगेत थोडी लवकर जाते आणि बॅग बेल्टवर टाकायच्या आधीच हाताने चेक करा म्हणून सांगते. मुंबईला दोनदा केलं, त्यांनी रोल उलटसुलट बघितले आणि पाच मिनिटांत परत दिले. कॅमेऱ्यात रोल असेल तर कॅमेरापण हातातच द्या, लोक नेमकं हेच विसरतात. चेक-इनच्या सामानात तर कधीच नाही, तिथल्या मशीन अजून स्ट्रॉंग असतात. डेव्हलप झालेल्या निगेटिव्हची काळजी नको, त्याला काही होत नाही.

५ पैकी २ स्टार. पाकिटावर ‘एअरपोर्ट सेफ’ छापलंय, त्याखाली सीटी स्कॅनरला चालणार नाही हे एवढं एक वाक्य टाकायला हवं होतं.