ई-रुपयाचं पाकीट: चार महिने वापरून

सोलापूरच्या पूर्व भागात माझं शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं घरगुती दुकान आहे. गिऱ्हाइकांत निम्म्या बायका विडी वळणाऱ्या. त्यातली एक दर शनिवारी पावशेर चटणी नेते आणि वर १०० रुपये माझ्याकडे ठेवायला देते. "अक्का, ऑनलाइन नको, रोखच धरा. घरी मालक रात्री माझा मोबाईल उघडून बघतात." तिला उपयोगी पडेल का हे बघायला मी रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयाचं, म्हणजे ई-रुपयाचं, मोबाईलमधलं पाकीट माझ्या बँकेकडून घेतलं.

वापरायला अवघड नाही. पडद्यावर ५००, २००, १०० च्या नोटांची चित्रं दिसतात, खात्यातून हव्या तेवढ्या आत घ्यायच्या. दुकानदाराचा नेहमीचा यूपीआयचा क्यूआर चालतो. मधल्या मारुतीजवळ शेंगदाणे घेतले, पैसे लगेच पोचले. व्याज नाही, घरातल्या रोकडीलाही ते कुठे असतं.

मला सगळ्यात आवडलं ते पासबुक. यूपीआयने दिलं की दाणे, मिरची, डॉक्टर, सगळं ओळीने छापून येतं. इथे पाकिटात २,००० भरल्याची एकच ओळ आली, पुढचा खर्च पासबुकात नाही. उद्या कर्जासाठी ते पुढे ठेवलं तर मी कुठल्या डॉक्टरांकडे जाते हे साहेबांना कळायचं काही कारण नाही.

पण पासबुकात नाही म्हणजे कुठेच नाही असं नव्हे. पाकीट माझ्या सिमला आणि केवायसीला बांधलेलं आहे. भाचीला २०० पाठवले तर तिच्या पडद्यावर माझं नाव आलं, आणि माझ्या ॲपमध्ये तारीख-वेळेसकट नोंद राहिली. ती पुसायची सोय मला सापडली नाही. तिचा मोबाईल नवऱ्याच्या हातात गेला की सगळं उघडं. शिवाय ॲपने पहिल्याच दिवशी फोनमधले नंबर आणि मी कुठे आहे ते, दोन्ही बघायची परवानगी मागितली. चटणीच्या पैशांना हे कशाला लागतं?

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये या चलनावर टिपण काढलं, त्यातच छोट्या रकमांना रोखीसारखी गुप्तता ठेवण्याचा विचार मांडला आहे. मोठ्या रकमेचा माग ठेवा, माझं काही म्हणणं नाही. मोठी रोख रक्कम भरताना पॅन देतोच की आपण. पण पाच-सातशेच्या आतलं बँकेच्या संगणकावर नावानिशी साठवूच नये. 'आम्ही बघणार नाही' असं नुसतं सांगून भागत नाही, बघण्यासारखं काही उरताच कामा नये. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ सालीच सांगितलंय.

इंटरनेटशिवाय चालणाऱ्या ई-रुपयाकडे माझे डोळे लागलेत. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावते तेव्हा गर्दीत नेट टिकत नाही. त्यासाठी साधं कार्ड निघालं, फोन न लागणारं, तर ते त्या विडीवालीच्या पदरालाही बांधता येईल.

माझ्यापुरते चार तारे, तिच्यासाठी दोन. परवा शनिवारी तिने विचारलं, मी "अजून नाही गं" म्हटलं. तिचे १०० हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात ठेवले.